गरीब शब्दाचा दुसरा अर्थ

शाळेच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. आमच्या उर्दू शाळेचे जुने अर्ज चाळताना या रकान्यात आम्हाला ठिकठिकाणी 'कुवेत', 'दुबई', 'सौदी', 'मस्कत' असे लिहिलेले आढळले. ही देशांची, शहरांची नावे. पण सांगणाऱ्या आईला आणि लिहून घेणाऱ्या शिक्षकाला, दोघांनाही त्यात काही चुकते आहे असे वाटले नव्हते. खरे सांगायचे तर सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही अशाच नोंदी केल्या.

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागातील मुसलमान समाजाचा इतिहास सांगताना आखातातून आलेल्या पैशाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. कौलारू घराचा स्लॅब कधी झाला, मस्जिदीचा मिनार कोणाच्या देणगीतून उभा राहिला, हे मोहल्ल्यात सर्वांना पाठ असते. पण ती माणसे तिथे राहिली कशी, रुळली कशी, रोजचा दिवस त्यांनी कसा काढला, याची नोंद आपण ठेवली नाही. या लेखात त्या बाजूने थोडे पाहू.

आखात आणि मुंबई यांचा संबंध तेलाहून जुना आहे. अरबांची गलबते खजूर घेऊन मुंबईला येत आणि तांदूळ, इमारती लाकूड घेऊन परत जात. बहारीनला १९३२ साली तेल सापडले, कुवेतहून १९४६ साली तेलाची पहिली निर्यात झाली आणि तेल कंपन्यांना कारकून, फिटर, स्वयंपाकी लागू लागले. त्या काळी जाणारा माणूस बोटीच्या डेकवर चटई पसरून जाई. या प्रवासात धोकाही होता. ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ 'दारा' या बोटीवर स्फोट झाला आणि २३८ माणसे मेली. याच मार्गावरची 'द्वारका' ही बोट १९८२ पर्यंत चालत होती.

पहिल्या पिढीला एक गोष्ट मात्र सोपी होती. आखाताच्या बऱ्याच भागात तेव्हा भारताचा रुपयाच चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ साली कुवेतने आपला दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या बहुतेक अमिरातींनीही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. त्यानंतर गेलेल्या माणसाला रोज एक नवा हिशेब करावा लागला. चहाचा कप घेतानाही तो मनात त्याचे रुपये करी आणि पुष्कळदा कप न घेताच पुढे जाई.

१९७३ साली तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले. रस्ते, बंदरे, इमारती यांची कामे निघाली आणि कोकणातले तरुण मोठ्या संख्येने निघाले. त्यांतले बरेच उर्दू शाळेत शिकलेले होते. भाषेचे त्यांचे कोडे आम्हाला शिक्षक म्हणून विशेष वाटते. दुकानांच्या पाट्यांवरचे प्रत्येक अक्षर त्यांना वाचता येत होते, पण अर्थ लागत नव्हता. अर्थ लागलाच तर कधी कधी भलताच लागे. आपल्या मोहल्ल्यात मकतब म्हणजे लहान मुलांनी अलिफ-बे शिकण्याची जागा. तिथे पोस्टाच्या दारावरही 'मकतब' लिहिलेले, कारण अरबीत त्याचा अर्थ कचेरी. आपल्याकडे रक्कम म्हणजे पैसे, अरबीत रकम म्हणजे आकडा. आपल्याकडे मकान म्हणजे घर, अरबीत नुसती जागा. आपण इकामत म्हणतो ती नमाजची; तिथे 'इकामा' म्हणजे राहण्याचा परवाना, जो खिशात नसेल तर पोलीस धरतो.

मस्जिदीत मात्र अडचण कमी होती. कोकणी मुसलमान शाफई. अस्रची वेळ तिथेही आपल्यासारखीच. सफीत उभे राहिल्यावर कोणी परके वाटत नसे. बाहेर पडल्यावर ओळख बदले. तिथे त्यांना 'हिंदी' म्हणत, कारण अरबीत भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात. आपल्या देशात ज्याची ओळख आधी मुसलमान म्हणून केली जाते, त्याला परमुलखात प्रत्येकजण भारतीय म्हणून ओळखत होता. परतलेल्या बुजुर्गांनी ही गोष्ट आम्हाला हसत हसत सांगितली आहे. त्या हसण्यात काय काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

खोलीत आठ-दहा माणसे, एकावर एक पलंग, स्वयंपाकाची पाळी ठरलेली. गावी ज्याने कधी चुलीजवळ पाय ठेवला नव्हता, तो तांदूळ धुवायला शिकला. ट्रंकेत आमसुले, सुकट, घरचा मसाला असे. मासळीबाजारात ओळखीचे पापलेट दिसले की बरे वाटे. कुवेतमध्ये त्याला 'झुबैदी' म्हणतात एवढे शिकून घ्यावे लागे. सुट्टीचा वार शुक्रवार. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस राहिला. पण जुन्या लोकांच्या आठवणीत शुक्रवार म्हणजे जुम्मा, कपडे धुणे आणि पत्र लिहिणे.

इतके रुळूनही तिथले होता येत नव्हते, आणि आमच्या मते या इतिहासाचे मर्म इथे आहे. कामगाराचा परवाना मालकाच्या, म्हणजे कफीलच्या नावाशी बांधलेला. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जाई. तीस वर्षे राबले तरी नागरिकत्वाची आशा नव्हती. गंमत अशी की उर्दूत कफालत म्हणजे घरदार पोसणे. गावी जो दहा माणसांचा कफील, तो तिथे स्वतः कफीलच्या हाताखाली. कतारने २०२० साली मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, इतर देशांतही काही नियम सैल झाले. पण आपल्या समाजाच्या दोन पिढ्या जुन्या नियमांखालीच राबून म्हाताऱ्या झाल्या.

हे सारे किती कच्च्या पायावर उभे होते, ते २ ऑगस्ट १९९० रोजी दिसले. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि बसवलेले संसार रातोरात मोडले. कुवेतचा दिनार कवडीमोल झाला. माणसे वाळवंटातून जॉर्डनला पोहोचली आणि अम्मानहून विमानांनी भारतात आणली गेली. अशा सुमारे १,७०,००० भारतीयांत आपल्या गावांतलेही होते. काहीजण अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आले आणि दीड-दोन वर्षांत पुन्हा गेलेसुद्धा. दुसरे करणार काय?

जुळवून घेणे फक्त जाणाऱ्यानेच केले असेही नाही. घरी राहिलेल्या बाईने बँकेचा ड्राफ्ट, रेशनकार्ड, गवंड्याचा हिशेब, मुलांची शाळा, सासऱ्यांचे आजारपण हे सर्व अंगावर घेतले. जिला वाचता येत नव्हते, तिला नवऱ्याचे पत्र शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावे लागे. मग पत्रात तरी मनातले काय लिहिणार? टेपरेकॉर्डरची कॅसेट आली तेव्हा हा पडदा थोडा दूर झाला. आम्ही लहान असताना अशा कॅसेटी ऐकल्या आहेत. बाप बोलता बोलता मध्येच थांबे आणि मागे एअर कंडिशनरचा आवाज तेवढा येत राही.

आणि परत आलेल्याचे काय? दोन वर्षांनी दोन महिने येणारा बाप मुलांसाठी पाहुणाच. कायमचा परतल्यावर घरातले निर्णय आपल्याविना होतात हे त्याला कळते. पहाटे चारला कंपनीच्या बसची सवय असलेला माणूस चारलाच उठून ओट्यावर बसून राहतो. आपल्या भाषेत गरीब म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परमुलखातला. गरिबी घालवायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला तिकडे हा दुसरा अर्थ आला आणि परतल्यावर आपल्या ओट्यावरही तो त्याला सुटला नाही.

आमचे विद्यार्थी उद्या तिकडे जाणार नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. शिक्षण कमी असलेल्या कामगारांसाठी १९८३ च्या कायद्याने परवानगीची तपासणी आली. पुढे दहावी पास झालेल्याला तिच्यातून सूट मिळाली. दहावीच्या कागदाची ही किंमत आम्ही वर्गात सांगतो. पण घराघरांतल्या ट्रंकांमध्ये जुनी पत्रे, रद्द झालेले पासपोर्ट, इकाम्याची कार्डे, बुरशी धरलेल्या कॅसेटी पडून आहेत. त्या फेकण्यापूर्वी कोणीतरी वाचाव्यात, ऐकाव्यात. बुजुर्ग आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.

आम्ही आमच्यापुरती एक सुरुवात केली आहे. प्रवेशाच्या वेळी त्या रकान्यात आई 'कुवेत' म्हणाली, की आम्ही विचारतो, "तिथे काम काय करतात?" अनेकदा उत्तर येत नाही. मग मूल त्या रात्री फोनवर बापाला विचारते आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगते: क्रेन चालवतात, हॉटेलात भांडी धुतात, गोदामात माल मोजतात. ते आम्ही लिहून घेतो.