‘भिऊ नकोस’ म्हणणारं पदक

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून आम्ही बोलतोय. आमच्याकडे पाणी काही लांब नाही. पश्चिमेला समुद्र, तिकडच्या गावांत बावखलं, पूर्वेला डोंगरात चिंचोटीचा धबधबा. पावसाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. वाचवणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत, तेही आलं तर.

अशा माणसांचा मान करायची रीत जुनी आहे. १७६७ साली ॲमस्टरडॅमला आणि १७७४ साली लंडनला त्यासाठी संस्था निघाल्या. तेव्हा पाण्यातून काढलेला माणूस मेलाच असं धरत, मग त्याला घरात कोण घेणार? म्हणून लंडनची संस्था बाहेर काढणाऱ्याला बक्षीस देई, आणि उपचारासाठी आपलं घर उघडणाऱ्यालाही. हे दुसरं बक्षीस आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं.

आपल्याकडे १९६१ साली जीवन रक्षा पदक सुरू झालं. बुडणं, आग, वीज, दरड, खाणीतला अपघात, कशातूनही जीव वाचवणाऱ्याला ते मिळतं. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं असे तीन दर्जे. पदकावर अभय देणारा हात, आणि वर ‘मा भैः’, म्हणजे भिऊ नकोस. बाई-पुरुष असा भेद त्यात नाही.

मुलांसाठी १९५७ पासून राष्ट्रीय शौर्य पुरस्कार वेगळे. नांदेड जिल्ह्यातल्या पार्डीच्या एजाज नदाफनं २०१७ साली बंधाऱ्यात बुडणाऱ्या दोन मुलींना बाहेर काढलं, त्याला तो मिळाला. नागपूरचा गौरव सहस्रबुद्धे पंधरा वर्षांचा. २०१४ साली अंबाझरी तलावात त्यानं चार मित्रांना काढलं आणि स्वतः गेला. त्याचा पुरस्कार घरच्यांच्या हाती आला. त्या आईला टाळ्या ऐकून काय वाटलं असेल, ते आम्ही सांगू शकत नाही.

पण पाण्यात उडी मारणं हा एकच मार्ग नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणावर बायका कपडे धूत होत्या. चार पोरं बुडायला लागली. बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघं त्या धरून वर आले, दोघं गेले. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न त्या घडीला त्यांनी बाजूला ठेवला. पुढे राज्य सरकारनं कल्पना चावला पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला. आमच्या मते साडीची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

आता कामाचं. केंद्राच्या पदकासाठी नाव राज्य सरकारकडून दिल्लीला गृहमंत्रालयात जातं, आणि घटना दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तेव्हा तुमच्या गावात कुणी कुणाला वाचवलं असेल तर तारीख, जागा, बघणाऱ्यांची नावं त्याच आठवड्यात गटाच्या वहीत लिहा, पोलीस ठाण्यात नोंद करा, आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. वाचवणारी बाई स्वतः जाणार नाही. तिच्यासाठी दुसरीनं जायचं.