पिसांचा रंग, पायांचा रंग : कोल्हापूरच्या संकरित कोंबड्यांचा वंशइतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या आठवडी बाजारांत कोंबडीची पारख बव्हंशी रंगावरून होते; पिसे तांबडी, काळी किंवा कबरी असली की कोंबडी गावठी आणि पांढरी असली की फार्मची, असा सर्वसाधारण समज असून दरातला फरकही बऱ्याच अंशी त्याच समजावर उभा आहे. हा समज मुळात निराधार नव्हता, कारण स्वातंत्र्यानंतरच्या कुक्कुटविकासाने आधी पांढरा रंग गावोगाव पोचवला. परंतु पुढे त्याच विकासाने रंगीत पिसे हेतुपुरस्सर परत आणली, आणि तेव्हापासून रंगाची साक्ष फारशी विश्वासार्ह उरलेली नाही.

ही साक्ष कच्ची का, याचे उत्तर आनुवंशशास्त्राच्या आरंभकाळातच मिळाले होते. मेंडेलचे वाटाण्यावरील नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी 1902 साली कोंबड्यांवरील प्रयोगांतून दाखवले. तुऱ्याचा आकार, पिसांचा रंग, कातडीचा रंग अशी लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र घटकांमार्फत उतरतात, आणि या घटकांपैकी, म्हणजेच जनुकांपैकी, काही प्रभावी असल्याने एका बाजूकडून आले तरी प्रकट होतात, तर अप्रभावी जनुके दोन्ही बाजूंकडून आल्याखेरीज दिसत नाहीत, असा त्या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

भारतात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कुक्कुटविकासाला गती मिळाली आणि अंडी वाढवण्यासाठी परदेशी जातींशी संकर हा मार्ग स्वीकारला गेला. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, औरंगाबाद, नागपूर आणि कोल्हापूर येथे उभी राहिली, आणि अशा सरकारी केंद्रांमुळे व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या जातींचे रक्त खेड्यांतल्या खुराड्यांपर्यंत पोचले. पुढे खासगी हॅचऱ्यांनी अंड्यांसाठी लेगहॉर्न वंशाचे पांढरे पक्षी सर्वदूर नेले. मांसासाठीच्या ब्रॉयलरमध्येही पांढरा रंगच पसंत केला गेला, कारण पिसे उपटल्यावर कातडीत राहिलेले पांढरे खुंट नजरेत भरत नाहीत.

लेगहॉर्नच्या संकरातून रंगाचे वर्तन स्पष्ट दिसते. या जातीचा पांढरेपणा प्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे तो पिसांतले काळे रंगद्रव्य दडपतो; त्यामुळे लेगहॉर्न कोंबडा काळ्या गावठी कोंबडीवर सोडला, तर पहिल्या पिढीतली सारी पिल्ले पांढरी, क्वचित काळ्या ठिपक्यांची, निपजतात. उलट लेगहॉर्नची पिवळी कातडी अप्रभावी असल्याने, गावठी कोंबडी शुद्ध पांढऱ्या कातडीची असेल तर हाच पिवळेपणा पहिल्या पिढीत पूर्ण लपतो. या पिल्लांचा आपसांत संयोग झाला की दुसऱ्या पिढीत दर सोळांमागे सरासरी नऊ पक्षी पांढऱ्या पिसांचे व पांढऱ्या कातडीचे, तीन पांढऱ्या पिसांचे व पिवळ्या कातडीचे, तीन रंगीत पिसांचे व पांढऱ्या कातडीचे आणि एक रंगीत पिसांचा व पिवळ्या कातडीचा असतो. म्हणजे लेगहॉर्नची नात पिसांनी पूर्णपणे गावठी दिसू शकते.

काही रंगांची जनुके मात्र लिंगाशी जोडलेली असतात. पक्ष्यांत नराजवळ झेड गुणसूत्राची जोडी, तर मादीजवळ एकच झेड असून ते तिला बापाकडून मिळते. त्यामुळे सोनेरी वर्णाच्या ऱ्होड आयलंड रेड कोंबड्याचा रुपेरी जनुक असलेल्या कोंबडीशी संकर केला असता मुली बापासारख्या तांबूस, तर मुलगे आईसारखे रुपेरी होतात. नर-मादी पिल्ले पहिल्याच दिवशी लवेच्या रंगावरून वेगळी करण्याची युक्ती यावरच आधारलेली आहे.

परसातल्या कोंबडीला गिऱ्हाईक रंगामुळे मिळते आणि पांढरा पक्षी उघड्यावर घारी-ससाण्यांच्या नजरेत लवकर येतो, हे ध्यानात आल्यावर धोरणाची दिशा बदलली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज, तर 1988 साली हैदराबादला स्थापन झालेल्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने वनराज ही रंगीत पिसांची संकरित कोंबडी तयार केली. गावठीसारखे रूप हा या निवडीचा उघड हेतू होता. तेव्हा अशी तलंग बाजारात गावठी म्हणून खपली, तर त्याचे मूळ तिच्या पैदाशीच्या उद्दिष्टातच आहे.

पिसांपेक्षा पाय अधिक बोलके असतात. नळीचा रंग दोन थरांतून ठरतो : वरच्या थरात पिवळे कॅरोटिनॉइड साठते की नाही आणि आतल्या थरात काळे मेलॅनिन आहे की नाही. दोन्ही नसले तर पाय पांढरट-गुलाबी, केवळ पिवळे असले तर पिवळा, केवळ आतले काळे असले तर निळसर-पाटीच्या रंगाचा, आणि दोन्ही असले तर हिरवट दिसतो. पिवळे द्रव्य मका आणि हिरव्या पाल्यातून येते व अंड्याच्या बलकात खर्च होते. म्हणून अंड्यावर आलेल्या पिवळ्या कोंबडीचा रंग आधी गुदद्वाराभोवती, मग डोळ्यांच्या कडेला, चोचीवर आणि शेवटी पायांवर फिका पडतो, आणि जाणकार पाळणारे त्यावरून तिच्या अंडी देण्याचा अंदाज बांधतात.

काळ्या कातडीचा बाजारभाव अलीकडचा आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याच्या करार-पालन योजनांतील फसवणुकीच्या तक्रारी गाजल्या. या काळेपणाचे जनुक प्रभावी असले, तरी झेड गुणसूत्रावरचे दुसरे एक जनुक त्याला आवर घालते. बेटसन व त्यांचे सहकारी पनेट यांनी 1911 साली सिल्की या काळ्या कातडीच्या जातीवर दाखवले, की बाप काळा आणि आई उजळ असेल तर मुली गडद व मुलगे फिके होतात, आणि जोडी उलटी केली तर सारीच पिल्ले फिकी निपजतात.

पिवळ्या कातडीचा उगम मात्र अधिक जवळचा निघाला. सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकटा तांबडा रानकोंबडा, असे डार्विनचे मत होते, आणि राखी रानकोंबड्याशी झालेल्या संकराची प्रजननक्षमता कमी असल्याने ते पटण्याजोगेही होते. परंतु 2008 साली उप्साला विद्यापीठातील लाइफ अँडरसन यांच्या गटाने दाखवून दिले, की कॅरोटिनॉइडचे विघटन करणारे जनुक कातडीत मंदावल्यामुळे पिवळेपणा येतो आणि जनुकाचे हे रूप राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाचा असून राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात आजही आढळतो. युरोपातील प्राचीन हाडांच्या 2014 मधील तपासणीत हे रूप विरळ आढळले. म्हणजे तिकडे त्याचा सार्वत्रिक प्रसार गेल्या काही शतकांतलाच असावा.

बाजारात गावठीची खूण मानली जाणारी रंगीत पिसे अशा रीतीने प्रयोगशाळेतल्या निवडीचे फळ असू शकतात, तर परदेशी समजल्या जाणाऱ्या लेगहॉर्नच्या पायांतला पिवळेपणा द्वीपकल्पातल्या रानपक्ष्याचे देणे ठरतो. रंग हा मोजक्या जनुकांचा पुरावा असून कुळाचा नव्हे. त्यामुळे कोल्हापूरच्या मूळ गावठी कोंबडीचे जतन करायचे तर पैदाशीच्या नोंदी, रोगप्रतिकारशक्ती, खुडूक बसण्याची सवय आणि पिल्ले वाढवण्याची क्षमता यांवरूनच तिची निवड करावी लागेल.