लोणारचें धारातीर्थ व यवद्वीपांतील जलतुंड

यवद्वीपांत पेनांगुंगन पर्वताच्या उतारावरील जलतुंड या दगडी स्नानतीर्थावर शके ८९९ हा काल व 'उदयन' हें नांव कोरलेलें आहे. त्यावरून तें उदयन राजाचें समाधिस्थान होय, असें मत मांडण्यांत आलें. परंतु बलिद्वीपांत या राजाचे लेख शके ९११ पासूनचे आढळतात. अर्थात् तीर्थ त्याच्या हयातींतलेंच ठरतें.

आपल्याकडे वऱ्हाडांत लोणार येथें सरोवर खारें, पण त्याच्या कांठावर गोमुखांतून गोड्या पाण्याची धार अखंड पडते. या क्षेत्रास ब्राह्मण विष्णुगया म्हणतात व येथें पितरांचा उद्धार होतो, असें अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरीं'त नमूद केलें आहे. तरीहि धारातीर्थ कोणाची समाधि नव्हे. पितृकार्यासाठीं वाहतें जल लागतें, अस्थि नव्हेत. जलतुंडाचा हेतु ठरवितांना हाच न्याय लावणें युक्त होय.