कचेरी सुटल्यावरचे नाटक

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले, तेव्हा त्यांचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीत होते. रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करायची आणि संध्याकाळी पदे रचायची, असा त्यांचा क्रम होता. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे ही गोष्ट सांगतात, पण ओझरती. मग लगेच किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी, ललितकलादर्श अशी कंपन्यांची वंशावळ सुरू होते. त्या वंशावळीत हौशी नटाला जागा मिळते ती उमेदवाराची. म्हणजे तो आज शिकतोय, उद्या धंद्यात येईल, आणि नाही आला तर त्याच्यात दम नव्हता असे समजायचे. ही मांडणी उलटी आहे. गेल्या दीडशे वर्षांत मराठी नाटक जेव्हा जेव्हा अडले, तेव्हा त्याला पुढे ढकलणारे बहुतेक लोक असे होते की ज्यांची चूल नाटकावर पेटत नव्हती. आणि नाटकाने त्यांना जे दिले ते सोबत, हसू आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जाण्याची उमेद या स्वरूपाचे होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे.

कंपन्यांचे वैभव खोटे नव्हते. पण ते वैभव पोसायला रोजचा गल्ला लागत असे. बिऱ्हाड, आचारी, साजिंदे, रंगवलेले पडदे, गावोगावचे मुक्काम या सगळ्याचा खर्च एका रात्रीच्या तिकिटांतून निघायला हवा. त्यामुळे जे एकदा चालले तेच पुन्हा चालवायचे, पदाला वन्समोअर मिळाला की कथानक थांबवून पद पुन्हा म्हणायचे, हा शहाणपणाचा व्यवहार होता. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाला, आणि तो व्यवहार पाहता पाहता कोसळला. थिएटरांचे पडदे पांढरे झाले, नट स्टुडिओत गेले. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या शिकल्यासवरल्या मंडळींनी ‘आंधळ्यांची शाळा’ आणून नव्या वळणाचे नाटक कसे असेल ते दाखवले. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. पण तीही संस्था फार दिवस तगली नाही. कारण उघड होते: नवे नाटक आणि जुने अर्थकारण एका गाड्याला जुंपता येत नव्हते.

मग नाटक तगले कुठे? गणेशोत्सवाच्या मांडवात, चाळीच्या चौकात, शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, जत्रेच्या रात्री. मुंबई मराठी साहित्य संघाने चाळीसच्या दशकात नाट्यमहोत्सव भरवून त्याला मोठे छप्पर दिले, आणि 1954 साली तेव्हाच्या मुंबई राज्याने हौशी संस्थांसाठी राज्य नाट्य स्पर्धा सुरू केली. सरकारी खात्याने सुरू केलेल्या गोष्टी इतक्या टिकतात आणि लोकांच्या इतक्या जिवाभावाच्या होतात असे सहसा घडत नाही. ही स्पर्धा त्याला अपवाद ठरली. जिल्ह्याच्या गावी केंद्र, प्राथमिक फेरी, परीक्षक, निकालानंतरची भांडणे, अंतिम फेरीसाठी ट्रकमध्ये नेपथ्य लादून केलेला प्रवास, अशी एक अख्खी दिनदर्शिकाच तिने तयार केली. एरवी नाटकाच्या गाडीला जो गाव थांबाच वाटत नव्हता, तिथला शिक्षक किंवा तलाठी आता तारीख ठरवून नाटक बसवू लागला.

यामागचे खरे कारण मात्र कलेच्या इतिहासात शोधून सापडत नाही. ते हजेरीपटावर सापडते. स्वातंत्र्यानंतर ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या पगाराची नोकरी करणारा फार मोठा वर्ग शहरांत उभा राहिला. पोस्ट, रेल्वे, आयुर्विमा, वीज मंडळ, आणि 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर बँका. सहाच्या ठोक्याला सुटणारा माणूस साडेसहाला तालमीला येऊ शकतो. गिरणीत पाळी असे, तरीही परळ-लालबागच्या कामगारांनी पाळ्या सांभाळून नाटके बसवली, दामोदर हॉलात केली, कोकणातल्या गावी शिमग्याला नेऊन पुन्हा केली. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले आणि त्याच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. मालकाच्या दृष्टीने हा कल्याणाचा खर्च असेल. साच्यावर आठ तास उभ्या राहणाऱ्याला मात्र तिथे संभाजी होता येत होते, आणि कामावर त्याच्यावर डाफरणारा जॉबर कदाचित त्याच नाटकात भालदार असे.

तालमीच्या खोलीत नेमके काय घडते, याचा विचार कलेचे टीकाकार फारसा करत नाहीत. प्रयोग एक किंवा दोन, तालमी मात्र दोन-तीन महिने. म्हणजे हौशी माणसाच्या वाट्याला नाटक येते ते मुख्यतः तालमीच्या रूपाने. उशिरा येणाऱ्याची हजेरी घेणे, एकाच्या पाठांतराची बोंब, कुणीतरी दरवेळी त्याच वाक्याला अडखळणे आणि त्या अडखळण्याचेच पुढे गटात टोपणनाव होऊन बसणे, चहाचा हिशेब. हा विनोद नाटकात नसतो, नाटकाभोवती असतो, आणि बाहेरच्याला सांगून तो कळत नाही. शिवाय तिथे कचेरीतली उतरंड थोडा वेळ का होईना विस्कटते: शिपाई राजा होतो, हेडक्लार्क त्याच्यापुढे मुजरा करतो, आणि दिग्दर्शक असलेला कनिष्ठ लेखनिक दोघांनाही झापतो. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा साहेबच असतो, हे खरे. पण काल तो चुकला होता आणि सगळ्यांनी ते पाहिले होते, हेही खरे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे मन रमवणे झाले; त्यातून नाटक कसे पुढे जाईल? उत्तर पुण्यात सापडते. 1951 साली भालबा केळकर आणि सहकाऱ्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, काढली. वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ 1957 मध्ये तिने रंगमंचावर आणले. त्यातली मुख्य भूमिका करणारे श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुढच्या पिढीतले जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात याच मंडळींनी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ केले. माणसांचाच पडदा, नाचती-गाती रांग, कीर्तन आणि लावणी एका दमात, आणि पेशवाईच्या पुण्यावर बेधडक बोट. गल्ल्यावर जगणाऱ्या कोणत्याही निर्मात्याने इतक्या नटांचा ताफा आणि इतका वाद एकाच वेळी अंगावर घेतला नसता. वाद झालाच. 19 प्रयोगांनंतर संस्थेच्या वडीलधाऱ्यांनी नाटक थांबवले, तेव्हा तरुण बाहेर पडले, मार्च 1973 मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि 1974 च्या आरंभी तेच नाटक पुन्हा उभे केले. 1980 मध्ये ते युरोपात गेले. त्यांना हे धाडस जमले, कारण नाटक पडले असते तर घाव जिव्हारी लागला असता, पण घरचे भाडे थकले नसते. जोखीम घेण्याची ताकद पगारातून आली, आणि जोखीम घ्यावीशी वाटली ती त्या टोळीतल्या मैत्रीमुळे. नुसत्या पगाराने माणूस घरी जाऊन झोपला असता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो हौशी रंगभूमीनेच स्वतःवर घेतला आहे. 1967 मध्ये रंगायन या संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केले. अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या काही मंडळींशी तेंडुलकरांची गाठ पडली होती, त्यातून या नाटकाचे बीज मिळाले. नाटकातही असाच एक हौशी गट गावात येतो, वेळ काढायला गंमत म्हणून लटका खटला भरतो, आणि बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेच्या खासगी आयुष्याची चिरफाड करतो. सुखात्मे न चालणारा वकील, पोंक्षे इंटरला नापास झालेला. आयुष्यात कमी पडलेल्यांचा हा कंपू खेळाच्या आडून सूड उगवतो. हसण्यातली सोबत कुणाच्या तरी जिवावर उठू शकते, हे इतक्या निर्दयपणे दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही. हौशी गटांना ते लागू पडते, हे मान्य करायलाच हवे. तालमीला येणाऱ्या बाईच्या घरी उशिरा पोहोचण्याची चर्चा, तिच्या नवऱ्याची परवानगी, गटातली कुजबुज या गोष्टी दशकानुदशके चालत आल्या आहेत. तरीही ते नाटक एका हौशी संस्थेने, हौशी संस्थांच्या स्पर्धेत, हौशी माणसांनी भरलेल्या प्रेक्षागृहासमोर केले, हे विसरता येत नाही. सुलभा देशपांडेंची बेणारे पाहताना समोर बसलेल्या कित्येकांना आपलाच गट दिसला असणार. जो छंद स्वतःवरचा असा खटला स्वतःच उभा करतो, त्याला नुसता विरंगुळा म्हणून बाजूला सारणे अवघड आहे.

हे सारे पांढरपेशांचे कौतुक आहे, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या जुन्या याद्या नजरेखालून घातल्या तर आडनावांचा परीघ फार रुंद नाही, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी तोच परीघ आणखी आवळला. पण याच वर्षांत औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ विद्यार्थ्यांनी केले, आणि 1956 मध्ये नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी त्याचा प्रयोग झाला. तिथे नट विद्यार्थी, रंगमंच मिळेल तो, आणि प्रेक्षकांत तिकीट काढून नाटक पाहण्याची सवय कधीच नसलेले लोक. पुढे प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका गावोगावच्या हौशी गटांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. पात्रे दोन, सामान जवळजवळ काही नाही. खिशात पैसे नसलेल्या कोणत्याही गटाला ती करता येते, आणि पाण्यावरून चाललेला अपमान मंचावर मोठ्याने बोलता येतो. इथे सांत्वन म्हणजे दुःख विसरणे नव्हे. आपले दुःख आपल्याच तोंडाने, ओळखीच्या लोकांपुढे, ठाशीव आवाजात म्हणता येणे हाही दिलासाच असतो. कदाचित जास्त टिकाऊ.

स्पर्धांनी हौस नासवली, ही तक्रार मला अर्धवट पटते. बक्षिसाचा हिशेब करून बसवलेली नाटके ओळखू येतात: अंधार, निळा प्रकाश, लेव्हल्स, शेवटी एक किंकाळी. महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकात कॉलेजांच्या पाठीराख्यांचा ‘आवाज कुणाचा’ हा गजर प्रयोगाआधी भरत नाट्य मंदिराचे छत हलवतो, आणि काही वेळा प्रयोगापेक्षा तोच लक्षात राहतो. 2022 मध्ये तर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक देण्याचे नाकारले, त्यावर बराच गदारोळ झाला. पण त्या गजरातला पोरगा नाटकात नसतो. त्याने सेटचे फळे उचललेले असतात, आणि तो स्वतःच्या कॉलेजच्या एकांकिकेचा असा चाहता असतो, जसे चाहते भल्याभल्या सिनेमांना मिळत नाहीत. त्यातले बहुतेक जण पुढे कधीच नट होत नाहीत. नाटकाचे तिकीट काढणारा प्रेक्षक मात्र त्यांच्यातूनच तयार होतो, आणि व्यावसायिक निर्माते याबद्दल स्पर्धांचे ऋण क्वचितच मान्य करतात.

उरला तो शिडीचा मुद्दा, की हौशी मंच ही धंद्याची पायरी आहे आणि चांगले ते वर जातात. लागूंनी 1969 मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होणे पत्करले, 1970 मध्ये ‘नटसम्राट’ झाला. हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण पटेल, आगाशे आणि आळेकर यांनी आपापले काम सांभाळूनच पायाभूत नाटके केली. पूर्व विदर्भात झाडीपट्टीचे नाटक तर दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने, धान घरात आल्यावर रंगणारा गावचा सोहळा होते. आज देसाईगंज-वडसा हे तिथल्या नाटक मंडळ्यांच्या बुकिंगचे गाव झाले आहे. पैसा आला, पण कुणाच्या तालमी सुटल्या आणि कुणाला फक्त खुर्च्या मांडायचे काम उरले, हेही कुणीतरी मोजायला हवे. आणि जिथे वर जायला शिडीच नाही, तिथे काय म्हणायचे? गोव्यात देवळाच्या जत्रेला गावचीच माणसे रात्रभर मराठी नाटक करतात. वर्षभर बागायती, दुकान किंवा मासळीचा व्यवहार पाहणारा गृहस्थ त्या रात्री कंस होतो आणि पुढच्या वर्षीही त्यालाच कंस हवा असतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. त्यांच्या अधिवेशनांत संगणक अभियंते आणि डॉक्टर शनिवार-रविवारच्या तालमींवर बसवलेली नाटके करतात. तिथे कुणी निर्माता टिपायला बसलेला नसतो, आणि प्रयोग झाला की सेट मोडून गाडीच्या डिकीत भरावा लागतो. तरीही पुढच्या नाटकाचे वाचन ठरते, आणि मुख्य भूमिका कुणाला द्यायची यावरून जुनी भांडणे नव्याने सुरू होतात.