सातबारा, पंचनामा आणि घरातील मूल : केळापूरच्या कापूसपट्ट्यातील एका न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

१/ यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका. मुख्य ठिकाण पांढरकवडा. या भागाचा इतिहास आपण कापसाचे भाव, कर्जाचे आकडे आणि शासकीय पॅकेजे यांच्या आधारे सांगतो. आज प्रश्न वेगळा घेऊ. कर्ता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या आईच्या आणि मुलांच्या मनाची विचारपूस राज्यव्यवस्थेने कधी सुरू केली? #थ्रेड

२/ पार्श्वभूमी जुनी आहे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. केळापूर त्या काळच्या वणी जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये त्याच जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. युद्ध संपताच ते उतरले. पावसाच्या जोडीला दूरच्या, न दिसणाऱ्या बाजाराचा घोर शेतकऱ्याच्या मागे लागला तो कायमचा.

३/ हा घोर बोलून दाखवण्याची एक जागा लोकांनी स्वतःच निर्माण केली होती. विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की झडत्या म्हटल्या जातात. त्यांत सावकार, भाव, दुष्काळ, पुढारी सगळ्यांचा समाचार घेतला जातो. दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. मात्र झडती साऱ्या गावाचे गाऱ्हाणे मांडते. एका घरातले, एका मनातले दुःख त्या तोरणाखाली बोलता येत नाही.

४/ १९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले यांचा वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ अंत झाला. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून हा दिवस ओळखला जातो. 'शेतकरी' हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर एकटा पुरुष येतो. त्या घटनेत मात्र चार मुलेही होती, आणि त्यांचे मत कोणी विचारलेले नव्हते.

५/ लोक वेळीच बोलत का नव्हते? एक कारण कायद्यात होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. ज्या घरात असा प्रसंग ओढवे, त्या घराला मदतीआधी पोलिसांची भीती वाटे. मग गोष्ट दडवली जाई आणि मुलांनाही गप्प राहण्याची ताकीद मिळे.

६/ पुढे संकट वाढले तशी शासनाची पावले पडली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी सुमारे ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे यांचा विचार होता आणि तो आवश्यकच होता. मनाचा विचार मात्र अद्याप दूर होता.

७/ त्याच वर्षी राज्य शासनाने मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपयांच्या मदतीचे निकष ठरवले : ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे जमीन हवी. बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे. वसुलीचा तगादा हवा. चौकशीअंती प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरे.

८/ या दोन शब्दांचे वजन लक्षात घ्या. ठोक्याने जमीन कसणारा, पट्ट्याविना जंगलजमीन पेरणारा कोलाम किंवा गोंड, खासगी उसनवारीत बुडालेला माणूस यांची घरे कागदावर सहज मागे पडत. आपला बाप 'अपात्र' ठरला, हे शब्द वाढत्या वयाच्या मुलाच्या कानावर पडत. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आईचे कष्टही त्या कागदात दिसत नसत.

९/ २००८ मध्ये जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव राहुल गांधी यांनी लोकसभेत घेतले आणि ते देशभर पोहोचले. निमित्त होते अणुकरारावरून आलेल्या विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेचे. यवतमाळच्या एका विधवेचे दुःख विजेच्या युक्तिवादात उदाहरण ठरले.

१०/ दिशा बदलू लागली ती पुढच्या दशकात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रयोग झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी जायचे, ऐकायचे, गरज भासल्यास डॉक्टरांकडे पोहोचवायचे, अशी रचना होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे बोलायला तयार होती. ऐकणारा दारापर्यंत आला नव्हता, एवढेच.

११/ २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने यवतमाळसह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरभेटीत ताणाची लक्षणे ओळखायची, जिल्हा रुग्णालयातील पथकाने उपचार करायचे, १०४ क्रमांकावर समुपदेशन द्यायचे. सातबाऱ्याऐवजी झोप, भूक आणि उदासी यांची चौकशी करणारी व्यक्ती प्रथमच शासनाच्या वतीने उंबरठ्यावर आली.

१२/ कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ची सर्वसाधारण तरतूद उरलेली नाही. दीडशेहून अधिक वर्षांची भीती निदान कागदावरून उतरली.

१३/ आणि मुले? वडील गेल्यावर 'बाबा गावाला गेले' असे सांगणे ही मोठ्यांची माया असते. पण लहान मूल अनेकदा दोष स्वतःकडे घेते : मी हट्ट केला म्हणून असे झाले का? वयाला पेलेल असे खरे, सोपे उत्तर आणि 'यात तुझी चूक नाही' हे वाक्य त्याला आधार देते. ते वाक्य आईनेच म्हणायचे असेल, तर आधी आईचे ऐकणारे कोणीतरी हवे. म्हणून दोघांचा विचार एकत्रच करावा लागतो.

१४/ २०१७ पासून दर १९ मार्चला अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. हे आवाहन करणाऱ्या अमर हबीब यांच्या आंदोलनाचे नाव 'किसानपुत्र' आहे, हे लक्षणीय. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपला शोक चारचौघांत मांडला. जी गोष्ट झडतीत मावत नव्हती, तिला जागा मिळाली.

१५/ मित्रहो, अभिलेखागारात पंचनामे मिळतील, पात्र-अपात्रच्या याद्या मिळतील. त्या वाचताना प्रत्येक नोंदीमागे घरात किती मुले होती, हा प्रश्न विचारत चला. आणि तुमच्या ओळखीत कोणी आज त्या घोरात असेल, तर टेली मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक त्यांच्यापर्यंत पोहोचवा.