प्रतिमा-संक्षेपण (संकेतस्थळांसाठी)

छायाचित्र किंवा आकृती संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी तिची लांबी-रुंदी, फाइलीचा प्रकार आणि वजन पडद्याला लागेल तेवढेच ठेवण्याची प्रक्रिया. ठाणे, कल्याण, डोंबिवली स्टेशनांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत हेच काम ‘केबी कमी करून द्या’ एवढ्या शब्दांत सांगितले जाते. आयबीपीएसच्या बँकभरती अर्जात फोटो 20 ते 50 केबीचा आणि सही 10 ते 20 केबीचीच चालते. अर्जदाराला नियम अडवतो. स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्या मंडळाला किंवा दुकानदाराला कोणी अडवत नाही, आणि भुर्दंड पाहणाऱ्याला पडतो.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत डोंबिवलीच्या फडके रोडवर मोबाइलने काढलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 × 3000 बिंदूंचा, साधारण 3-4 एमबीचा असतो. तो तसाच चढवून पानावर नुसता लहान दाखवला, तरी फाइल अख्खीच उतरते. सेकंदाला 1 मेगाबिट वेग धरला तर 4 एमबीला 32 सेकंद लागतात. संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या कल्याण लोकलमध्ये शेकडो फोन एकाच टॉवरवर असताना तेवढा वेगही हाती लागेलच असे नाही. रुंदी 1200 वर आणली की बिंदू 1 कोटी 20 लाखांवरून 10 लाख 80 हजारांवर येतात. दर्जाची पट्टी सरकवत बसण्याआधी हे करावे. निम्मी लढाई इथेच संपते.

उरलेले काम संक्षेपणाचे. 1992 सालची जेपेग पद्धत चित्राचे 8 × 8 बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळते. उजेडातला फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती अधिक सढळपणे कापली जाते. मोकळे आकाश थोडक्यात आटोपते, नऊवारीची जर आणि ढोलपथकाची गर्दी मात्र केबी खाते. गाळलेले परत येत नाही आणि दर वेळी नव्याने जतन करताना आणखी गळते, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवावी. गूगलने 2010 मध्ये आणलेली वेबपी आणि 2019 ची एव्हीआयएफ ही रूपे त्याच दर्जाला बहुधा जेपेगपेक्षा हलकी पडतात. फाइलीत दडलेली स्थळ-काळाची नोंद काढून टाकावी. वजन फारसे घटत नाही, पण घरचा पत्ता उघडा पडत नाही.

पानाच्या संहितेत चित्राची रुंदी-उंची लिहिली की ब्राउझर जागा आधीच राखतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. खालची चित्रे वाचक तिथवर पोचेल तेव्हाच मागवण्याची सोयही असते.

देवनागरी अक्षरांची गोष्ट निराळी. सूचनाफलकाचा किंवा कार्यक्रमपत्रिकेचा फोटो जेपेगमध्ये फार दाबला की कडांभोवती करडी धूळ उठते. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार पुसट होतो, ‘प’ आणि ‘ष’ एकसारखे दिसू लागतात. मोजक्या रंगांच्या अशा चित्राला काहीही न गाळणारे पीएनजी (1996) बरे. त्याहून बरे म्हणजे ती सूचना युनिकोडमध्ये टंकून टाकणे: पानभर मराठी मजकूर दहाएक केबीत मावतो, शोधताही येतो आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन तो वाचूनही दाखवतो.