तपकिरीच्या डबीवरला पग

रोकोको शैलीच्या अलंकरणाकडे आम्ही बहुधा निव्वळ विलास म्हणून पाहत आलो. जर्मनीतील मायसन येथे घडलेल्या पोर्सेलिनच्या काही तपकिरीच्या डब्या या समजाला छेद देतात. त्यांवर चपट्या नाकाचा एक पग कुत्रा असतो.

१७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी कॅथलिकांना फ्रीमेसन संघटनेत जाण्यास मनाई केली. त्यानंतर जर्मनीत ‘मॉप्स’, म्हणजे पग, या नावाचा गुप्त संघ निघाला. निष्ठेचे प्रतीक म्हणून पगची निवड झाली. १७४५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या एका गौप्यस्फोटानुसार दीक्षार्थी दारावर कुत्र्यासारखा ओरबाडे आणि पगच्या पुतळ्याच्या शेपटीखाली चुंबन घेण्याची त्याची तयारी तपासली जाई. (गौप्यस्फोट करणाऱ्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच.) महत्त्वाचे हे की, फ्रीमेसनांनी नाकारलेला प्रवेश येथे स्त्रियांना मिळाला.

एकच डबी दिवाणखान्यात लाडक्या कुत्र्याची, तर दीक्षिताच्या हाती शपथेची खूण ठरते. पग पाळण्याची दरबारी हौस तेव्हा जोरात होती; म्हणून प्रत्येक डबीत संघ शोधणे आम्हाला धाडसाचे वाटते. मायसनचा शिल्पकार केंडलर याने घडवलेली पगधारी स्त्री मात्र वेगळी. डबीवर संदिग्ध राहणारी खूण ती उघडपणे कवेत घेऊन उभी आहे.